बाजूने चेहरा, समोरून डोळा

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या हिशेबवहीच्या वर
मेस्त्री मास्तरांचं चित्र टांगलंय.
ट्रॉलरच्या केबिनचं जुनं प्लायवूड, सहा बाय चार.
जांभा कुटून, चाळून, डिंकात कालवून
आधी सगळं लाल करून घेतलं,
मग त्यावर माणसं. होडीच्या डांबराइतकी काळी.
नथी, डोळे, जाळ्याचे आस
दाभणाने ओरखडून काढलेले,
खालचा लाल वर यावा म्हणून.

ग्रीसमध्ये, मास्तर सांगत, अडीच हजार वर्षांपूर्वी
अशी मडकी रंगवत.
पलीकडच्या किनाऱ्यावर एट्रुस्कन म्हणून लोक होते, तेही.

चित्रात मात्र आमचाच लिलाव.
सगळे एका रांगेत, चेहरे बाजूने,
आणि डोळा अख्खा, समोरून बघणारा.
मी म्हटलं, माणसं अशी दिसत नाहीत.
मास्तर म्हणाले, सुरमई दिसते ना?
फळीवरची सुरमई
कुशीवर पडून
अख्ख्या डोळ्याने मला बघत होती.

बायका तेवढ्या पांढऱ्या. शिंपल्यांच्या चुन्याच्या.
तिथली रीत, मास्तर म्हणाले,
पुरुष उन्हात, बायका घरात.
आईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.
"घरात बसान आमचा प्वाट भरता काय रे मास्तरा?"
मास्तर गप्प. चुना वाळला होता.

मग तिने वरचा कोपरा पाहिला.
तिथे माणसं उलटी समुद्रात पडतायत
आणि पडता पडता डॉल्फिन होतायत,
आम्ही ज्याला गादा म्हणतो तो.
कमरेपर्यंत मासा,
पाय अजून माणसाचे, हवेत झाडलेले.
हे एट्रुस्कनांच्या मडक्यावरून घेतलेलं.
ते चाचे होते, देवाने शिक्षा केली त्यांना.

बाबा चाचे नव्हते.
बांगड्याच्या मागे गेले होते.
होडी मिळाली. जेवणाचा डबा मिळाला, झाकणासकट.

"ह्यो आमचो?"
मास्तरांनी मान हलवली,
हो की नाही ते कळेल अशी नाही.
"ह्येका चार बोटा होती. उजव्या पायाक.
एक दोरात गेला."
मास्तरांनी काडी जांभ्यात बुडवली
आणि पाचव्या बोटावर
एक लाल ठिपका दिला.

दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने चुना सुटला.
सेक्रेटरीने झाडून बाहेर टाकला.
खाली बायकाही काळ्याच निघाल्या,
मास्तरांनी पांढरं वरून दिलं होतं नुसतं.
आई म्हणते, माझीच नजर लागली.
म्हणताना फार वाईट वाटल्यासारखं दाखवत नाही.

हल्ली गादे बघायला पर्यटकांच्या होड्या जातात.
परतल्या की आई धक्क्यावरून
पोरांना हाक मारते,
"पाय दिसले काय रे खंय?"
ती हसत विचारते,
म्हणून पोरंही हसतात.