कुणी न विचारलेली मतं

उंडो सुरीनं कापू नये, हातानं फाडावा.
सुरी लागली की तो दुकानातल्या
प्लास्टिकमधल्या पावासारखा लागतो.
असं माझं मत.
आमच्या घरात यावर अठ्ठावीस वर्षं एकमत नाही.

पोदेराचा भोंगा ऐकून
केस बांधत धावणाऱ्या बायकांत मी नाही.
मी रात्रीच पिशवी फाटकाला टांगते, आत सुटे पैसे.
कायतान पहाटे पाव ठेवून जातो.
पैसे कमी पडले तर दुसऱ्या दिवशी एक पाव कमी.
बोलणं नाही, चिठ्ठी नाही.
बरेच व्यवहार असे उरकावेत.

दुपारी झोपणाऱ्याला आळशी म्हणू नये.
दुपारी फोन करणाऱ्याला काय म्हणावं
ते मी एकदा पुण्याच्या नणंदेला सांगून टाकलं.
तेव्हापासून ती रात्री आठला फोन करते
आणि आधी विचारते, उठलीस का गं?

पाहुण्यांनी ‘काही करू नकोस’ म्हणू नये.
म्हटलंच, तर मग खरंच
कोरा चहा पिऊन जावं.

हुमण आज केलं की उद्या खावं.
रात्रभर त्याला आपल्याशी बोलू द्यावं,
सकाळी मंद आचेवर आटवावं, पावाशी घ्यावं.
शेजारची एस्पेरांसाबाई यावर मान डोलावते.
आमचे देव वेगळे आहेत,
कालची कडी एकच.

सोमवारी सगुण ताटाकडे असा बघतो
जसं कुणी त्याचं काही नेलंय.
वालीची भाजी वाईट नसते, मी सांगते.
वाईट नाही, तो म्हणतो,
आणि पाणी पितो.

एक सवय मात्र माझी मलाच पटत नाही.
दिवसातून दोनदा मी खिडक्या पुसते,
गज, चौकट, खालची फळी,
मग तेच फडकं घेऊन सोप्यातला बाक.
या रस्त्यावरून तेव्हा खनिजाचे ट्रक जायचे,
एकाच्या शेपटाला दुसरा.
लाल धूळ तांदळात, उशीच्या अभ्र्यात,
देवासमोरच्या निरांजनात.
सगुणचा ट्रक त्यांतलाच.
घरासमोर आला की हॉर्न दोनदा, अगदी तोकडा.
मी फडकं हलवून म्हणायची,
आला, माझं काम घेऊन आला.

ट्रक थांबले. विकला तो.
फडकं आता संध्याकाळीही पांढरंच असतं.
मी धुते, वाळत घालते.
सकाळी परत पुसते.

त्यालाही बोलायची सोय नाही.
रांगेत नंबर पुढचा मिळावा म्हणून
पहाटे चारला उठायचा, तो अजून चारलाच उठतो.
रांग नाही. नंबर नाही.
अंधारात जरा वेळ बाकावर बसतो,
मग दोघांचा चहा करतो,
माझ्या कपावर बशी झाकून ठेवतो.
मी सहाला उठते.
चहा गरमच प्यावा हे माझं ठाम मत आहे.
तो थंडगार चहा मी रोज पिते.

परवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.
साखळीच्या बाजारातून दुरुस्तीवाला आला,
त्यानं मागचं झाकण काढलं.
आत चाकांवर, दात्यांवर
लाल भुकटी बसलेली, मऊ, पिठीसारखी.
माझ्या फडक्यातून सुटलेली इतकी वर्षं.
साफ करू? त्यानं विचारलं.
कर की, मी म्हटलं, घड्याळ चालायला हवं.

थांब, म्हणाला सगुण.
बोटाला थोडी लावली, उजेडात धरली,
चिमटीत चोळली, वास घेतला.
ही आपल्या खाणीची नव्हे.
पलीकडच्यांची.
आपली जरा काळपट असायची.

मी म्हटलं, वीस वर्षं पुसलीय मी ती.
आपलीच आहे.

दुरुस्तीवाला ब्रश हातात धरून उभा.