खरा आकडा

दिलावरनं बॉनेट उघडलं
आणि मगदूम काका दिलावरलाच सांगायला लागले:
सोळाशे सीसी, शंभर घोडे,
सिंगल हँड, कंपनीतच सर्व्हिस,
पावसात फाटकाबाहेर काढली नाही कधी.
ताईंसाठी खुर्ची आली.
मी बसले नाही.

पेरूच्या झाडाखाली लाल पालिओ,
बुटकी, रुंद,
शड्डू ठोकायच्या आधी पोरगं जसं मातीकडं बघतं
तशी खाली बघत उभी.

मी उद्यमनगरात बोअर मोजते, अठरा वर्षं.
मायक्रॉनचा फरक बोटाला आधी कळतो,
गेज नंतर हो म्हणतं.
म्हणून आत बसले आणि मोजायला लागले.
क्लचच्या रबराच्या रेघा गेलेल्या, खालचं लोखंड चकाकतंय.
गिअरची मूठ नदीतल्या गोट्यासारखी.
उजव्या मांडीखालची शिवण उसवलेली.
आणि मीटर म्हणतंय,
एकेचाळीस हजार.

"काका, मीटर मागं घेतलाय."

दिलावरनं पाना खाली ठेवला.
काका चष्मा पुसत राहिले.
बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर,
रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसायचे म्हणे.
"गिऱ्हाइकासाठी न्हाई," ते म्हणाले,
पहिल्यांदाच माझ्याकडं बघून.
"घरासाठी घेतला."

ऑडिट आहे सांगून निघायचं.
फुलेवाडी, कळे,
उसाच्या ट्रॉल्या चुकवत गगनबावडा,
करूळचा घाट उतरायचा
आणि पायथ्याला चहासुद्धा न घेता
परत चढायचा.
"बाई न्हाई, बाटली न्हाई.
तिसऱ्यात वळण घ्यायचं. बास.
आता हे खरं कोण मानंल?
म्हणून लक्ष्मीपुरीत एक पोरगा आहे, त्याच्याकडनं…"
त्यांनी हवेत बोट उलटं फिरवलं.

काकू ताक घेऊन आल्या.
बगलेत दुधाची वही.
"मीटर मागं घेतला.
पेट्रोलच्या पावत्या कोण मागं घेणार?
दर धुण्याला शर्टाच्या खिशात."

वहीत पुढून अर्धा लिटर, एक लिटर, खाडा.
मागून पेन्सिलीनं दुसरा हिशेब,
लिटर गुणिले चौदा,
पानामागून पान,
शेवटच्या बेरजेखाली दोन रेघा:
एक लाख अठरा हजार, वर थोडे.

"मग इचारलं का न्हाईस?"
"तुम्ही सांगितलं का न्हाई?"

ताकात मीठ जरा जास्त होतं.
दिलावर पेरू मोजत होता.

काकांनी दोन लाख दहा सांगितले होते.
मी एक ऐंशीला तयार होणार होते.
काकू म्हणाल्या, "एक पासष्ट.
क्लचचं काम निघणारच हाय."
कुणी काही बोललं नाही.
दिलावरनं आयुष्यात इतक्या शांततेत
सौदा बघितला नसेल.

"पावती कुणाच्या नावानं?"
काकांची मान सवयीनं दिलावरकडं वळली,
अर्ध्यावर थांबली,
माझ्याकडं आली.
शाल्मली बाबूराव कुरणे, मी म्हणाले.
त्यांनी कॅशियरच्या अक्षरात लिहिलं,
किलोमीटरच्या रकान्यात
वहीतला आकडा.

किल्ली फिरवली.
इंजिनाचा आवाज
बोअरमध्ये बोट फिरवावं तसा, कुठंही न अडता.
काकू खिडकीशी वाकल्या.
"त्या घाटात खरंच असं काय हाय गं?"

मी डावं दार उघडलं.

"आत्ता?
गॅसवर आमटी ठेवलीया."
पण हात दारावर तसाच.

चपला फरफटत काका आत गेले.
स्वयंपाकघरातून
बटण बंद केल्याचा आवाज आला,
खट्.