केसभर बाजूला

पहाटेचे पावणेचार. कुलाब्याच्या टोकाला
खोलीत मी, एसीची घरघर
आणि कागदी कपातली थंड कॉफी.
पडद्यावर शिशावर आपटलेलं शिसं.
एका टकरीतून हजारो रेषा,
न विंचरलेल्या केसांसारख्या.

मला त्यातल्या दोनच हव्यात,
एक केऑन, एक पायॉन.
मागे मागे ओढत नेल्या
तर टकरीच्या बिंदूपाशी न पोचता
केसभर बाजूला भेटणाऱ्या.
तिथे चार्म होता.
नव्हे, तिथे संपला.
इतर सगळे चौकातच सापडतात,
याचं घर गल्लीत.

जड जातीचे हे. आग भडकण्याआधी जन्मतात,
मग भोवती सगळा रस उकळतो
आणि हे त्यातून वाट काढतात,
थोडे मंदावून.
किती गमावलं ते कळायला
साध्या प्रोटॉनांची टक्कर शेजारी मांडायची
आणि भागायचं.
उत्तर एकाहून कमी.
एवढ्याशा भागाकाराला माझी पाच वर्षं.

फिलोमिना परेरा मनोरीहून यायची.
आधी तर, मग बस, मग आणखी एक बस.
सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनच्या पट्ट्यांवर
केसाहून बारीक तारा जोडायची,
एका पाळीत सहाशे टाके, श्वास रोखून.
म्हणायची, आमच्याकडं जाळीच विणतात,
इथं भोकं बारीक, एवढंच.

निवृत्तीच्या दिवशी, केक कापून झाल्यावर,
चष्मा पुसत तिनं विचारलं,
"मग घावलं का तुमचं ते?"
मी म्हटलं, ते स्वतः कधीच घावत नाही.
त्याच्या लेकी घावतात.
ती हसली नाही.
तिची लेक कुवेतला, सात वर्षं.
"लांब गेल्या तरी," ती म्हणाली,
"चालीवरनं कळतं कुठून निघाल्या ते."
आणि उरलेला केक डब्यात भरला.

आज चारशे बारा नंबरची पट्टी गप्प आहे.
तिचा एखादा टाका सुटला असेल.
नकाशात तिथे एक कोरी रेघ.
नियमाप्रमाणे मी ती हिशेबातून वगळते,
वहीत तारीख घालते, वेळ घालते,
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
ते सुचत नाही.

अठराशे पासष्टपाशी आलेख किंचित उचललाय.
टेकाड म्हणावं एवढा नाही.
चहावाला साडेपाचला येईल.
तोवर अजून दोन लाख टकरी.