धबधब्याच्या रेघा

दुसरं रिमोट पहिल्याच दिवाळीत मेलं,
म्हणून मी नुसती बघायचे.
पराग खेळायचा जिवावर उदार होऊन,
त्याला फक्त खड्डे दिसायचे, काटे, शत्रू.
बाकीचं सगळं माझ्या वाट्याला.

धनकवडीच्या दोन खोल्या, चौदा इंची टीव्ही,
वर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल,
तो घसरून निम्मा स्कोअर झाकायचा.
आणि काचेत एक रान.
मागचे डोंगर सावकाश सरकायचे,
पुढची झुडपं भराभर,
कात्रजच्या पीएमटीतून दिसतं तसंच.
हे काढणारा माणूसही, कुठल्या का देशात,
बसच्या खिडकीशी बसला असणार,
आणि त्याचा थांबा हुकला असणार.

गुहेतलं वटवाघूळ
आणि वाटेवरचं लाल फूल एकच होतं.
उलटं टांगलेलं, रंग बदललेलं.
मला हे कळलं तेव्हा मी ओरडलेच.
पराग म्हणाला, गप ना, मेलो तुझ्यामुळे.
पण मला ते लबाडीचं वाटलं नाही.
आमच्या घरात एकाच जुन्या साडीतून
खिडकीचा पडदा, उशांचे अभ्रे आणि माझा फ्रॉक
निघाला होता,
आणि पडद्याला कधी कुणी फ्रॉक म्हटलं नव्हतं.

चौथ्या पातळीवर धबधबा.
पाण्यातून मागचा खडक दिसायचा,
ओला, काळा, आरपार.
शाळेत मी हे इतक्यांदा सांगितलं
की बाईंनी मला चित्रकलेच्या तासाला
पाणी काढून दाखव म्हटलं.
मला नाही जमलं. माझ्याकडे तर बारा खडू होते.

परवा घर बिल्डरच्या ताब्यात द्यायचं म्हणून
पोटमाळा उपसला. पिठाच्या डब्यामागे ते यंत्र,
पिवळं पडलेलं, म्हाताऱ्या दातासारखं.
बाणेरला परागच्या भिंतीएवढ्या टीव्हीला
ईशाननं ते जोडलं.
त्याच्या खेळात गवताचं पातं न् पातं वेगळं हलतं,
घोड्याच्या पापणीवर धूळ बसते.
मी म्हटलं, थांब, चौथी पातळी येऊ दे.

आली.
निळी काठी, फट, निळी काठी, फट.
ईशान म्हणाला, आत्या, हे तर गज आहेत.

मी काही बोलले नाही.
तीस वर्षं कुणाला तरी खोटं सांगत आल्यासारखं
कानामागे गरम झालं.

तपकीर गल्लीत, एका जिन्याखाली,
तांबोळीभाई अजून डाग देतात.
यंत्र हातात घेऊन त्यांनी आधी फुंकर मारली,
मग ऐकून घेतलं.
म्हणाले, आरपार दाखवायची ह्याची ऐपतच नव्हती, ताई.
एक रेघ पाण्याची काढली, एक दगडाची सोडली.
पुढचं काम जुन्या टीव्हीचं.
त्याला नीट दिसायचं नाही ना,
तो दोन्ही रेघा एकमेकींत कालवायचा.
ज्यानं काढलं त्याला हे ठाऊक होतं.

मग पुठ्ठ्याखालून एक ढबोला टीव्ही ओढला,
पिवळी वायर खोचली, वरून एक थाप.
काच आधी करडी झाली,
तिच्यात आमची तीन तोंडं,
नंतर रान.

धबधबा आला
आणि खडक ओला झाला.

ईशान जवळ गेला, नाक काचेला लावलं, मागे आला,
पुन्हा जवळ.
रंग मोजले त्यानं. तीन, म्हणाला. नाही, चार.
नाही, तीनच आहेत, चौथा नाहीच आहे!
तिकडे खेळातला गडी उभ्या उभ्या वाट बघून
वेळ संपल्यावर मरून गेला.
कुणी बटण दाबलं नाही.

टीव्ही केवढ्याला, मी विचारलं.
विकायचा नाहीये, म्हणाले.
मग नऊशेला दिला.

रिक्षात मांडीवर घेतला, पायाला मुंग्या आल्या.
लक्ष्मी रोडला ईशान म्हणाला,
दुसरं रिमोट पण घ्यायला हवं होतं, तुझ्यासाठी.
म्हटलं, नको रे.
तू खेळ.