बिनवजनाचा ताणा

अक्कलकोट रोडला जेसीबीनं परत केबल तोडली.
खड्ड्यात बसून मी एकेक तंतू सोलतो,
स्पिरिटनं पुसतो, टोक छाटतो,
मशीनच्या जबड्यात दोन टोकं समोरासमोर ठेवतो.
एक ठिणगी.
पडद्यावर आकडा येतो, शून्य पूर्णांक शून्य दोन.
तेवढाच उजेड गळतो माझ्या हातून.

नायना भद्रावती पेठेत माग चालवायचे.
तुटलेला दोरा चालत्या मागावर,
दुसरीकडे बघत, दोन बोटांत थुंकी लावून जोडायचे.
त्यांच्या मते मी वेगळं काही करत नाही.
थुंकीच्या जागी स्पिरिट,
आणि आठवड्याच्या हिशेबाऐवजी पगार, तोही उशिरा.

आडनाव आमचं गाजूल.
तेलुगूत गाजु म्हणजे काच, गाजुलु म्हणजे बांगड्या.
पिढ्यानपिढ्या सूतच विणलं.
काच घरात आली ती माझ्या खिशातून,
कपच्या होऊन, आणि बायको ओरडते.

मे महिन्यात भाची आली, श्रीलता,
बंगळूरला काचेच्या प्रयोगशाळेत असते.
काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता
वीतभर तंतू, बघायला तिरका उजेड लागतो असा.
'मामा, हा वर ओढलाय.'
वर म्हणजे गच्चीवर नव्हे.
दीड तासात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या
एका पेटीएवढ्या भट्टीत.

म्हणाली, ही काच हट्टी आहे.
जमिनीवर निवताना जड ते खाली बसतं, तापलेलं वर चढतं,
आणि मधेच कणी धरते,
ढवळलेल्या पाकात साखर धरते तशी.
मग उजेड त्या कणीला ठेचकाळतो.
तिथं काही खाली बसत नाही, काही वर चढत नाही.
कणी धरायचं विसरून जाते काच.

नायना ऐकत होते.
'वजन नाही? मग ताण कशानं देतात?'
त्यांच्या बापाच्या खड्डामागाला
ताण्याच्या शेवटी दगड बांधलेले असत.
'बिनवजनाचा ताणा लोंबतो, पोरी.'
हात आडवा धरून दाखवलं, कसा लोंबतो.
ती हसली. 'ताता, लोंबायला खाली लागतं.
तिथं खालीच नाही.'

लाइट गेलेली. बाहेर त्रेचाळीस.
बराच वेळ ते बंद पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
'दमलेला माणूस बसतो कुठं?'

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री लाइट आल्यावर मला राहवेना.
तिला विचारून दोन बोटं तुकडा घेतला,
समोर आपला रोजचा तंतू लावला.
ठिणगी.
आपलं टोक जागचं हललं नाही.
वरच्याचा मात्र थेंब झाला, आणि तो मागं सरला,
नवख्या घरात पाहुणा उंबऱ्याशी सरतो तसा.
मशीननं लिहिलं, सांधा नाही.
उष्णता कमी केली. सांधा नाही.
मागून बनियनमधले नायना,
'काउंट बघितलास का?
वीस नंबरला चाळीस नंबर लावला की गाठ सरकते.'
श्रीलता म्हणाली, तातांचं बरोबर आहे,
दोन्ही काचा वेगवेगळ्या तापाला वितळतात.

उरलेला तुकडा सकाळी सापडला नाही.
सतरंजी झटकली, बॅटरी लावून फरशी बघितली.

तिसऱ्या दिवशी नायना अंगठा चोळत आले.
भिंग लावलं.
साठ वर्षांच्या सुतानं जाड केलेल्या कातडीत
एक कुसळ, मधूनच चमकणारं.
चिमटा उघडला तर हात मागं घेतला.
'राहू दे. एवढ्या लांबून आलंय,
बसू दे थोडं.'

काच अंगात ठेवत नसतात. काढलं मी.
रक्त आलं नाही.
नियमाप्रमाणे काळ्या टेपवर चिकटवलं, टेप दुमडली,
तळहातावर तोलून बघितली, टेपचंच वजन.

फोन वाजला. शेळगीला केबल तुटलेली,
अठ्ठेचाळीस तंतू.
नायना म्हणाले, आधी जेवून घे.