सोन्याला वास

ॲक्रनमध्ये जानेवारी. उणे चौदा.
अख्खी इमारत बर्फात उभी, कोटाची एकच बाही घातलेली,
आणि बंबवाले आत गॅसची गळती हुंगत फिरतायत.

गळती नाही.
मीच आहे ती.
म्हणजे माझी बाटली, तिसऱ्या मजल्यावर,
बुचाचे आटे नीट न बसलेली,
पॉलिमरच्या साखळीला टोक लावायला आणलेलं मर्कॅप्टन:
सडका कांदा, लसूण,
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं न घासलेलं पातेलं.
शहराच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात तेही याच गोत्रातलं,
त्यामुळे रखवालदाराचं नाक चुकलं नाही,
फक्त पत्ता चुकला.

शेजारी लव्हर्न पिट्सेनबार्गर, थर्मासचं झाकण ओठाला.
बत्तीस वर्षं या प्रयोगशाळेतली काच धुतेय.
म्हणाली, "मी लहान असताना
सगळं गावच असं यायचं वासाला.
बाबा टायर भाजायच्या खात्यात.
आई म्हणायची, नाकं मुरडू नका, पगाराचा वास आहे तो."
रबराच्या धाग्याधाग्यात गंधकाचे पूल,
त्यांवरून अर्धा देश धावला.
मग कारखाने गेले, वास गेला.
पूल तेवढे उरले, भंगारात.

मी कबूल केलं नाही. अजून.

माझं काम सोन्याला काहीतरी बांधायचं.
क्वार्ट्झच्या चकतीवर पन्नास नॅनोमीटरचा मुलामा.
अप्पा फोनवर विचारतात, "किती गुंजा?"
गुंजेचा हजारावा हिस्सा, अप्पा.
गुजरीतलं दुकान पलीकडे हसतं:
"एवढं तर झारेकऱ्यालाही सापडायचं नाही."
मग हसू थांबवून,
"गंधकानं चांदी काळी पडते. सोन्याला काही होत नाही.
सोनं कुणाचं नसतं, बाळ.
टाकणखार लाव, फुंकणीनं तापव,
तेव्हा कुठे डाग बसतो."

होतं, अप्पा. काहीतरी होतं.
आगीशिवाय.
साखळीच्या टोकाशी एक गंधक,
त्याच्या कडेवर एक हायड्रोजन.
चकती द्रावणात बुडवायची, दिवा मालवून घरी जायचं.
रात्रीत कधीतरी गंधक कडेवरचं खाली ठेवतो
आणि सोनं धरतो.
सकाळी साखळ्या उभ्या, ब्रशच्या केसांसारख्या दाट,
वरची टोकं मोकळी,
तिथे एखादं प्रतिपिंड बांधायचं
जे रक्ताच्या थेंबातून आपला आजार हुडकून काढेल.

कागदावर.
नोव्हेंबरपासून काहीच बसत नव्हतं.
जरा हवा लागली की हे आपसांतच जोड्या लावतात,
गंधकाला गंधक,
सोन्यासाठी एक हात मोकळा नाही.
मला क्लीव्हलंडच्या मंडळाचा हॉल आठवला,
वीस-वीस वर्षं एकमेकांच्याच वाढदिवसांना जाणारी माणसं,
आणि त्यांत मी, साबुदाणावड्याची बशी घेऊन.
जोड्या सोडवायला औषध मिळतं.
पॉलिमरच्या.

"मीच," मी म्हणाले शेवटी.
कप्तानानं वही काढली,
'वेदपाठक' तीनदा विचारून चौथ्यांदा चुकीचं लिहिलं.
वर जाऊन लव्हर्ननं आणि मी
बाटली ब्लीचमध्ये बुडवली, न बोलता.
फक्त एकदा तिनं मुद्दाम दीर्घ श्वास घेतला.

संध्याकाळी आकडा उतरलेला दिसला.
चकतीवर वजन चढलं की तिचा कंप मंदावतो:
सव्वीस हर्ट्झ.
तीनदा धुतली. सव्वीस.

बसमध्ये शेजारचा उठून मागे जाऊन बसला.
मी अप्पांना लिहिलं, डाग बसला.
आपल्यात म्हणतात ना, सोन्याला सुगंध;
सुगंध म्हणता येणार नाही, पण सोन्याला.

तिकडे पहाटेचे साडेचार.
उत्तर लगेच आलं:
"कसाला लावलंस?"