ओळखीपुरता उजेड

नेलिदा वुकासोविच कढईलासुद्धा आधी बसायला सांगते.
स्टूल ओढते, खिडकीचा पडदा वीतभर सरकवते,
मग गप्प उभी राहते,
परक्या घरी आलेल्या बाईला
जरा टेकू द्यावं, तशी.

पोर्वेनीरमध्ये वारा दिवसभर पत्र्यांशी भांडतो.
आमच्या स्टुडिओचं छप्पर तीन तारांनी जमिनीला बांधलंय.
आत लाल दिव्याखाली मी ट्रे धुते,
रबरी हातमोज्यांत बोटं सुरकुततात,
आणि बाहेर ती एका पोचे आलेल्या किटलीला सांगत असते,
"हनुवटी थोडी खाली."

आधी मला हसू यायचं.
मग एकदा प्रिंट वर येताना पाहिली:
पाण्याखालून हळूहळू चाळणी आली,
एका अंगाला दबलेली, भोकाभोकांतून उजेड गाळणारी,
आणि वाटलं, हिला मी ओळखते.
आमच्याच उतारावरची कुणीतरी.
नाव तेवढं ओठांवर येईना.

"माणूस घरूनच चेहरा घालून येतो," नेलिदा म्हणते.
"चमच्याकडे दुसरा नसतो."

लोकरीचा हंगाम उलगला तेव्हा एलेउतेरिओ मान्सिया आला.
कचेरीनं त्याला तिसऱ्यांदा माघारी धाडलं होतं.
अंगठा उमटत नाही.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या,
दर संध्याकाळी कातर निसण्यावर घासली,
कातरीला धार चढत गेली
आणि बोटांवरच्या रेषा उतरत गेल्या.
"शाईत बुडवतात, कागदावर टेकवतात,
आणि नुसता डाग पडतो.
कुणाचाही."

तिनं त्याचा चेहरा काढला, नियमाप्रमाणे,
पांढऱ्या भिंतीसमोर, कान दिसतील असा.
मग म्हणाली, खिशात काय आहे?
काय असणार.
तंबाखू, सुतळी, निसणा.

निसणा मधोमध खचलेला, होडीसारखा.
स्टुलावर ठेवला. पडदा वीतभर.
ती इतकी थांबली, इतकी,
की तोच म्हणाला, "बाई, दगड आहे.
पळून नाही जायचा."

आठवड्यानं आला.
फोटोत त्या खळगीत उजेड साचला होता,
गुरं पाणी पितील एवढा.
"हा घ्या तुमचा अंगठा," नेलिदा म्हणाली.
मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

त्यानं फोटो हातभर लांब धरला.
बाहेर पत्रा वाजत होता.
"झकास आहे," तो म्हणाला. "पण हा माझा नाही.
हा इकडचा उतार रोसामेलचा. माझा थोरला.
डावखुरा होता. उलटा घासायचा.
दगड माझ्याकडे आला तेव्हाच निम्मा झिजलेला.
मी आपला उरलेल्यावर भागवलं."

एरवी पळीशीही वाद घालणारी बाई,
काही बोलली नाही.
पेन्सिल घेतली, मागच्या बाजूला त्याचं नाव होतं,
त्याच्या वर लिहिलं: रोसामेल.
आणि त्याच्याही वर एक ओळ मोकळी सोडली.

दगडाचा फोटो तो घेऊन गेला, शर्टाच्या आत, वाऱ्यापासून लपवून.
चेहऱ्याचे चार इथेच राहिले, खणात.
कार्ड मिळालं की नाही, माहीत नाही.

काल नेलिदा बोटीनं पलीकडे गेली होती.
मी माझे हातमोजे स्टुलावर ठेवले.
पडदा वीतभर. थांबले.
डाव्या अंगठ्याला एक चीर आहे,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून बुजवलेली.

मी नाही बुजवली.